सात मैल आणि एक उंबरठा

"पिशवी खाली ठेव, लोर्ना. माझ्या बोटीवर ती येणार नाही."

डॉर्कस बील हे बोलली ते दोरखंड सोडता सोडता, मानही वर न करता. मर्सर बंदराच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या लोर्नाच्या हातात एक लहानशी कागदी पिशवी होती आणि पिशवीत तिच्या मामाचं औषध होतं. मामा म्हणजे वॉलेस थर्लो, वय एक्क्याऐंशी, राहणार हॅडली बेट. शेवंडींचे सापळे ओढणाऱ्या यंत्राच्या दोरीत अडकून त्याची कंबर मोडली त्याला सोळा वर्षं झाली होती. तेव्हापासून दोन्ही पायांतून कळा यायच्या. गांजाच्या अर्काचे चार थेंब जिभेखाली घेतले की त्या निवायच्या आणि म्हातारा माणसांत यायचा.

"चार थेंबांनी तुझी बोट बुडणार आहे का?" लोर्ना म्हणाली.

"बोट नाही गं. लायसन्स जाईल."

पंचाईत अशी की डॉर्कसचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या लेखी ते औषध होतं. राज्याची राजधानी ऑगस्टा, तिथून वॉलेसला रीतसर कार्ड आलं होतं. मर्सरमध्ये हार्डवेअरच्या शेजारीच त्या औषधाचं दुकान होतं आणि खुद्द शेरीफसाहेब तिथून गुडघ्यांचं मलम नेत. बेटावरही तेच राज्य आणि तोच कायदा. पण मधल्या सात मैलांच्या पाण्यावर पहारा तटरक्षक दलाचा, आणि ते दल वॉशिंग्टनचं, म्हणजे केंद्र सरकारचं. वॉशिंग्टनच्या लेखी गांजा म्हणजे गुन्हा, मग तो चार थेंब असो की चार पोती. डॉर्कसचं कॅप्टनचं लायसन्स वॉशिंग्टनने दिलेलं, टपाल नेण्याचं कंत्राटही वॉशिंग्टनचंच. तीस वर्षं ती ते दोन्ही डोळ्यांत तेल घालून जपत आली होती. कधीही बोलावणं आलं की जाऊन लघवी तपासून यायची. स्वतःच्या बोटांचे सांधे थंडीत लाकडासारखे व्हायचे, पण लोर्नाने देऊ केलेलं त्याच दुकानातलं मलम तिने हुंगूनसुद्धा पाहिलं नव्हतं. तिचं लायसन्स गेलं असतं तर बेटावरच्या अडतीस माणसांचं टपाल, दूध, डॉक्टर सगळंच बंद पडलं असतं, कारण हिवाळ्यात तिथे जाणारी दुसरी बोटच नव्हती.

आतापर्यंत ती पिशवी शेजारपाजारचे कोळी आपल्या बोटीतून नेऊन देत. त्यांचे परवाने ऑगस्टाचे, त्यामुळे ते फारशी फिकीर करत नसत. पण ऑक्टोबर संपत आला होता आणि शेवटची बोटही कालच हिवाळ्यासाठी ओढून वर घेतली गेली होती. म्हणजे वॉलेसला आता एप्रिलपर्यंत गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. त्या गोळ्या मात्र टपालाने येत, वॉशिंग्टनचं तिकीट लावून, आणि डॉर्कस त्या स्वतःच्या हाताने नेऊन देत असे. गोळी घेतली की वॉलेस दिवसचे दिवस खुर्चीत तोंड उघडं टाकून बसे. मागच्या हिवाळ्यात त्याने डॉर्कसला तिच्या आईच्या नावाने हाक मारली होती. ज्या माणसाने तिला बोट चालवायला शिकवलं तोच तो. त्या दिवशी परतताना ती सातही मैल रडली होती आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

बेटावरचं पोस्ट म्हणजे पोस्टमास्तरीण मिर्टल कॉफिनच्या घराची पुढची खोली. तिथे एक शेगडी, पितळी दारांचे टपालाचे खण आणि दक्षिणेकडे तोंड असलेली मोठी खिडकी. अख्ख्या बेटावर एवढं ऊन दुसऱ्या कुठल्याच खिडकीत येत नसे. बोटीच्या दिवशी वॉलेस आपल्या चाकांच्या, बसायला बैठक असलेल्या कुबडीवर रेलत, वाटेत तीनदा थांबत तिथे येऊन शेगडीजवळ बसायचा.

"नाही आणलीस ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"बरं केलंस, पोरी. तुझं लायसन्स गेलं तर मला गोळ्या कोण आणून देणार?"

तो स्वतःच हसला. डॉर्कस बासष्ट वर्षांची होती, पण वॉलेसने पोरी म्हटलं की तिला अजूनही चुकल्यासारखं वाटायचं.

मार्ग निघाला तो टपालाच्या थैलीतूनच. त्या आठवड्यात बियाण्यांच्या याद्या आल्या होत्या. या याद्या आल्या की सगळं बेट पुढच्या उन्हाळ्याची स्वप्नं बघत बसतं. मिर्टल आधी सगळ्यांच्या याद्या वाचून मगच वाटायची. तिने एका पानावर बोट ठेवलं. वॉशिंग्टनच्याच एका कचेरीने म्हणे लिहून दिलं होतं की गांजाच्या झाडाचं नुसतं बी हा गुन्हा नाही. बियात नशा नसते, म्हणून कायद्याच्या लेखी ते साध्या तागासारखंच. कोंब फुटला की मग काय ते झाड.

डॉर्कसचा छापील शब्दावर विश्वास होता, पण दुकानदाराच्या छापील शब्दावर नव्हता. तिने तीन दिवस फोन करून त्या पत्राची नक्कल मागवली, चष्मा लावून दोनदा वाचली आणि घडी घालून बोटीत टांगलेल्या लायसन्सच्या मागे ठेवून दिली. मगच बी मागवलं. पाच बिया, तिकीट लावलेल्या पाकिटात, टपालाच्या थैलीतून, राजरोस. सात मैलांचा प्रश्न तिने एकही नियम न मोडता सोडवला होता. घरच्या घरी झाड लावायला ऑगस्टाची परवानगी होतीच.

वॉलेसचं घर उत्तरेच्या उतारावर, स्प्रूसच्या झाडांच्या दाट सावलीत होतं, तिथे शेवाळाशिवाय काही उगवत नसे. तेव्हा कुंड्या साहजिकच मिर्टलच्या त्या खिडकीत आल्या. पाचही बिया रुजल्या. मग काय, पत्र न्यायला येणारा प्रत्येक जण आधी खिडकीशी जायचा. पाद्रीणबाई खत म्हणून माशांच्या काट्यांची पूड घेऊन आल्या. डॉर्कससुद्धा थैली टेकवली की उरलेलं पाणी कुंड्यांत ओतायची. वॉलेस गोळ्या अर्ध्या करून दिवस काढत होता, पण कुंड्यांजवळ बसला की त्याला माणसं ओळखू यायची. आपली बोट विकल्यापासून त्याला असं खुशीत कुणी पाहिलं नव्हतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मर्सरच्या धक्क्यावर एक अनोळखी गृहस्थ उभे होते. हातात चामडी बॅग, पायात शहरी बूट. नाव प्रुइट. बोट निम्म्या वाटेवर असताना, लाटांनी चेहरा पांढराफटक पडलेला असताना, त्यांनी सांगितलं की ते टपालखात्याचे तपासनीस आहेत आणि हॅडली बेटाचं पोस्ट तपासायला निघाले आहेत.

डॉर्कसला खिडकीतल्या कुंड्या आठवल्या. घर मिर्टलचं होतं, पण पुढची खोली भाड्याने वॉशिंग्टनकडे होती. दारावर पाटी होती, काठीवर झेंडा होता. पाण्यावरचा पहारा सांभाळण्याच्या नादात तिला, मिर्टलला, पाद्रीणबाईंना, कुणालाच हे सुचलं नव्हतं की ती पाच झाडं नेमकी वॉशिंग्टनच्या खिडकीत वाढताहेत. आणि तिने स्वतः त्यांना पाणी घातलं होतं! आता मिर्टलची नोकरी जाणार, बेटाचं पोस्ट जाणार आणि वॉलेसची झाडं तर जाणारच.

प्रुइटसाहेब कठड्यावर ओणवे झाले तशी तिने बिनतारी यंत्र हातात घेतलं. बेटावरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात ते दिवसभर चालू असतं आणि तटरक्षक दलही ते ऐकतं. त्यामुळे ती खोटं काही बोलली नाही.

"मिर्टल, माझ्याबरोबर टपालखात्याचे साहेब आहेत. पुढच्या खोलीत काही पसारा असेल तर आवरून ठेव."

उत्तर आलं नाही. बोट धक्क्याला लागली तेव्हा कारण समजलं. नेहमीसारखी मिर्टल टपाल न्यायला हातगाडी घेऊन धक्क्यावरच उभी होती. घरात यंत्र ऐकायला कोणी नव्हतं, एक वॉलेस सोडून, आणि त्याला तर खुर्चीतून उठायलाच पाच मिनिटं लागत.

डॉर्कसने साहेबांना चर्च दाखवलं. शाळा दाखवली, शाळेत तीनच मुलं कशी ते सांगितलं. साहेबांची पावलं अजून लटपटत होती, त्यामुळे त्यांनीही घाई केली नाही. मिर्टल गाडी ढकलत मागून येत होती आणि डॉर्कस एवढी बोलते आहे हे पाहून चकित झाली होती. पोस्ट दिसू लागलं तशी डॉर्कसची नजर खिडकीकडे गेली. खिडकीत एकच कुंडी उरली होती. तिच्या डोळ्यांदेखत दोन म्हातारे हात आले, कुंडी उचलली गेली, कुबडीच्या बैठकीवर बसली आणि हळूहळू आतल्या बाजूला दिसेनाशी झाली.

ते आत शिरले तेव्हा वॉलेस शेगडीजवळ बसला होता. डिसेंबरात त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. कुबडीच्या बैठकीवर माती सांडली होती. खिडकीच्या फळीवर पाण्याचे पाच गोल डाग होते.

"कर्मचारी जागेवर नसताना गिऱ्हाईक आत?" प्रुइटसाहेबांनी वही काढली.

"तो गिऱ्हाईक नाही," मिर्टल म्हणाली. "तो वॉलेस आहे."

साहेबांनी वजनकाटा तपासला, तिकिटं पाहिली. मग ते खिडकीशी गेले, एका डागावर बोट फिरवलं आणि ते बोट नाकाशी नेलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. दार लोटलेलं होतं, पण त्या झाडाला फुलं यायला लागली होती आणि वास काही दाराला जुमानत नाही. मिर्टलचा चेहरा उतरला. डॉर्कस खिडकीबाहेर आपल्या बोटीकडे बघत राहिली. ती पुन्हा चालवायला मिळेल की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

"ही आतली खोली कुणाची?"

"माझी," मिर्टल कशीबशी म्हणाली. "माझ्या नवऱ्याने बांधलेली."

"खात्याच्या भाड्यात नाही?"

"नाही."

प्रुइटसाहेब उंबरठ्यापर्यंत गेले. बुटाचं टोक बरोबर लाकडी पट्टीला टेकवून उभे राहिले. "मग माझी हद्द इथे संपली," ते म्हणाले.

मिर्टलने कॉफी विचारली. आत बसा म्हणाली. ते आत गेले नाहीत. उंबरठ्याच्या अलीकडे उभे राहूनच त्यांनी हात पुढे करून कप घेतला, काकवीची दोन बिस्किटं खाल्ली, नवऱ्याच्या सुतारकामाची चौकशी केली आणि अहवालात लिहिलं की खिडकीच्या फळीवर पाण्याचे डाग आहेत, त्यांचा बंदोबस्त करावा.

ते धक्क्याकडे निघाले तेव्हा डॉर्कस क्षणभर मागे राहिली. "पाच खेपा केल्यात तुम्ही? एकट्याने?" तिने वॉलेसला विचारलं.

"सहा," वॉलेस म्हणाला. "एकदा नुसताच गेलो. कुंडी घ्यायचीच विसरलो."

जानेवारीत झाडं कापली. पाचातलं एक झाड नर होतं. जाणकार माणूस ते आधीच उपटून टाकतो, पण इथे कुणालाच ते ओळखता आलं नव्हतं. त्यामुळे फुलं बियांनी गच्च भरली. लोर्ना फोनवर पोट धरधरून हसली. पण अर्क निघाला, थोडा कमी निघाला इतकंच. वॉलेसने गोळ्यांची बाटली मिर्टलकडे दिली आणि ती परत धाडायला सांगितली. तो हिवाळा तो शेगडीजवळ पत्ते खेळला, लबाडी केली आणि पकडला गेला. उन्हाळ्यात काठी टेकत धक्क्यापर्यंत आला आणि डॉर्कसने बोट कशी वाकडी लावली ते सगळ्यांसमोर सांगितलं. सप्टेंबरात एका दुपारी, आपल्याच खुर्चीत, शुद्धीत आणि चहा संपवून तो गेला. डॉर्कसने चारच दिवसांपूर्वी त्याला टपाल दिलं होतं आणि त्याने तिला तिच्याच नावाने हाक मारली होती.

दफनानंतरच्या मंगळवारी ती नेहमीप्रमाणे पोस्टात आली. खिडकीची फळी मिर्टलने अजून घासली नव्हती. पाचही गोल तसेच होते आणि त्यावर कुणी काही ठेवत नसे. मिर्टलने एक पाकीट पुढे केलं. पत्ता वॉलेसच्या अक्षरात, डॉर्कस बील, टपालबोट. तिकीट लावलेलं, शिक्का मारलेला, तारीख तो गेला त्या सकाळची.

आत पाच बिया होत्या आणि एक चिठ्ठी. 'पोरी, तुझी बोटं मी पाहतो. लायसन्स उतरवशील तेव्हा पेर. तोवर हे नुसतं बी आहे.'

डॉर्कसने चिठ्ठी पुन्हा पाकिटात घातली आणि पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. थैली उचलून ती धक्क्यावर आली, दोर सोडले. खाडीत वारा होता. अर्ध्या वाटेवर तटरक्षक दलाची पांढरी बोट समोरून आली आणि तिने नेहमीसारखा हात वर केला. त्यांनीही केला. मग तिने दुखरी बोटं पुन्हा सुकाणूवर घट्ट धरली आणि बोट अगदी सरळ, वॉलेसने शिकवलं होतं तशी, मर्सरच्या धक्क्याला लावली.