सरोवराच्या आड येणारी भिंत

“उभी राहा गं बये, नीट उभी राहा. तुझ्याआड कुणी हसेल, कुणी रडेल. तू बघू नकोस.” गिलावा करणारा म्हातारा ओल्या थापीने माझा गाल पुसत म्हणाला होता. मी ऐकलेला तो पहिला आवाज.

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. अमेरिकेतल्या डुलुथ गावात, सरोवराकाठच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधोमध मी उभी आहे. एका गालावर वाफ, एका गालावर ऊन. कुशीत एक दार.

माझी पहिली मालकीण हिल्डर. वसंतात सरोवरातून ओढ्यांत चांदीसारखे मासे चढायचे आणि ती घमेलंभर तळायची. पलीकडे पाहुणे कॉफी पीत बसलेले, अलीकडे धुराचा डोंब. “ही आहे म्हणून माझी अब्रू आहे!” असं म्हणत पिठाच्या हाताने ती मला थोपटायची. तिचा नवरा गेला, त्या दिवशी सांत्वनाला आलेल्या सगळ्यांना, इथल्या रीतीप्रमाणे, केक वाढून ती आत आली, दार लावलं आणि माझ्यावर कपाळ टेकलं. मी काही बघितलं नाही.

हिल्डरही गेली. भाडेकरू आले, खिळे ठोकून निघून गेले. माझ्या अंगावर चिकटवलेला नक्षीचा कागद सुटला, रंग पिवळा पडला. तेही सोसलं.

मग आले व्हर्नन आणि त्याची बायको आर्डिस. म्हातारपणी बेताचं घर हवं, म्हणून टेकडीवरचं मोठं घर विकून. सोबत घर सजवून देणारी केंड्रा. तिने मला बोटाने टकटक केलं. “हिच्यावर छताचा भार नाही. उडवून टाकू!”

भार नाही? माझ्या अंगाची लाही झाली. छत तोललं तोच भार, आणि जन्मभर माणसांची लाज झाकली तो काय कापूस?

“भांडी घासताना समोर सरोवर दिसेल,” केंड्रा म्हणाली. “इथे लांब ओटा, पुढे तीन उंच स्टुलं. ती जुनी आरामखुर्ची देऊन टाका. सगळं कसं मोकळं! आर्डिस, तुम्हाला काय वाटतं?”

“वेगळंच आहे हं,” आर्डिस म्हणाली.

आमच्या गावात तोंडावर ‘नको’ म्हणत नाहीत. ‘वेगळंच आहे’ म्हणतात. केंड्रा परगावची, तिला ती शाबासकी वाटली. पण व्हर्नन? तो तर इथलाच. अख्खा संसार झाला तिच्याबरोबर!

“बघ, आवडलं तिला!” तो म्हणाला. “मी कोचावर, ती ओट्याशी. दिवसभर गप्पा! अगं आर्डिस, तुला आता एकटं वाटायचंच नाही.”

खोटारडा. कळत होतं त्याला. रिटायर झाल्यापासून हा माणूस बोलतोच आहे: हवा, मासे, शेजाऱ्याची गाडी. नळ तरी कधीमधी बंद होतो.

दुसऱ्या दिवशी आर्डिस एकटीच आली. घडीची खुर्ची आणली होती, थर्मास आणला होता. स्वयंपाकघराचं दार लावून ती माझ्याशी पाठ टेकून बसली. माहेरी आल्यासारखा श्वास सोडला तिने.

मित्रांनो, जुनं घर खुशाल नवं करा. मळका कागद फाडा, गळका नळ बदला. पण घाव घालण्याआधी विचारा, इथे कोण टेकतं? टेप लावून इंच इंच मोजता, तसं ‘वेगळंच आहे’ म्हणणारीच्या तोंडाकडेही एकदा बघा.

सोमवारी व्हर्नन डोळ्यांवर मोठा चष्मा चढवून, हातोडा घेऊन आला. “पहिला घाव माझा! केंड्रा, फोटो काढ गं!”

घाव पडला. माझ्या बरगडीत कळ गेली. गिलाव्याचा ढलपा आर्डिसच्या बुटावर पडला.

“झकास ना, राणी?”

“वेगळंच...” ती म्हणाली आणि थांबली. मग दोन ढांगांत येऊन ती हातोड्याच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली. तोंड लालबुंद.

“नको.”

“काय नको?”

“नको म्हणजे नको! पाहुण्यांसारखी गोड बोलत राहिले, आता बास झालं. ते घर मोठं होतं म्हणून आपलं जमलं, व्हर्नन. तू वर बोलायचास, मी खाली दार लावून शिवायला बसायचे. तासाभराने वर यायचे, तेव्हा तू मला पुन्हा आवडायला लागायचास. ही भिंत पाडलीस, तर इथे एकटाच राहा, सरोवर बघत.”