लॅपटॉपचा कौल

"होय म्हाराजा!" अख्खा मांडव गरजला.

शिरोड्याच्या किनाऱ्यावर कौलबुवाने लॅपटॉपला हार घातला होता, चार्जरलाही कुंकू लावलं होतं. काय तो थाट! "देवळातलो कौल पाकळीन लागता, ह्यो थेट सॅटेलायटीसून!" बुवा गाऱ्हाणं घालत होता. "नाव लिवलंय, एंटर दाबलंय. आता हात लावू नको. हात लागलो तर देव उठान जातलो!"

देवाला पाकळी चिकटवून कौल लावला, की ती पडेपर्यंत आपण कुणी हात लावतो का? नाही. तसेच सगळे श्वास रोखून बसले. पडद्यावर प्रश्न आला: "लवू: आसा की नाय?" घंटा वाजली. बुवाचे दोन्ही हात वर होते, आणि तरी खाली अक्षरं उमटली: "आसा. येतलो."

माणसं लोटांगणच घालायला लागली. मी शाळेत संगणक शिकवते. एरवी हसले असते, पण समोर सुभद्राकाकी बसली होती, माझी शेजारीण. होडी उलटल्यापासून तिचा एकुलता एक मुलगा लवू परतला नव्हता. वेंगुर्ल्याच्या बाजूला एक मृतदेह लागला होता, चेहरा ओळखू येत नव्हता, शवागारात पडून होता. पोलीस तपासणीसाठी आईचं रक्त मागत होते, आणि काकी रोज लवूचं ताट वाढून ठेवत होती.

"माझो झील जित्तो आसा," ती मला म्हणाली. "परक्याच्या मड्यासाठी मी रगत देवचंय नाय."

कुणी पुढे आलं नाही, तर त्या देहाला बेवारस म्हणून पुरणार होते. मला राहवेना. मी पुढे झाले.

"काकी, लवूचं नको. ज्याचं उत्तर तुला पक्कं ठाऊक आहे, असं काहीतरी विचार."

"बाईनु, देवाची परीक्षा बघतास?" बुवा ओरडला.

"इचारूंदे तिका," काकी म्हणाली. मग नवऱ्याचं नाव हळूच घेतलं, "ह्यांचा नाव घाल. यशवंत."

मी नाव लिहिलं, एंटर दाबलं, हात मागे घेतले. घंटा वाजली. "आसा. येतलो."

"ह्यांच्या तोंडात शेवटचा पाणी मीच घातलंय," काकी म्हणाली.

मग मी 'दगड' लिहिलं. दगडही येतलो. कुणीतरी मागून हसलं.

"ऐका," मी प्रोग्राम उघडून दाखवत म्हटलं. "एंटर म्हणजे ओळ संपल्याची खूण. तीही अक्षरासारखीच आत जाते, फक्त दिसत नाही. ह्याचा प्रोग्राम नावाची अक्षरं उचलतो आणि ती खूण दारातच सोडून देतो. पुढचा प्रश्न आला की तीच शिल्लक खूण उत्तर म्हणून आत शिरते. उत्तर रिकामं आलं तर 'आसा' छापायचं, हे ह्याने आधीच लिहून ठेवलंय. नवशिका चुकून करतो ते ह्याने मुद्दाम केलंय. आता कुणी हात लावत नाही, कारण त्याचा हात आधीच लागून गेलेला असतो."

"सॅटेलायट ढगाआड गेलो," बुवा पुटपुटला आणि वायर गुंडाळू लागला. भर उन्हात! त्याला लोकांनी पोलिसांच्या हवाली केलं, पण मला त्याचा आनंद झाला नाही. काकी उठून माझ्यापाशी आली होती.

"मगे माझो लवू?"

मी तिचा हात धरला.

"चल बाय. रगत खंय देवचा आसा?"

रक्त जुळलं. तो देह लवूचाच होता. अग्नी देऊन आल्यावर काकीने त्याचं ताट घासून पालथं घातलं. म्हणाली, "खोट्या आशेन माझ्या पोराक थंडीत पडान ठेवलंय मी."

हे ऐकल्यापासून मी प्रत्येक वर्गात, प्रत्येक मांडवात एकच सांगते. यंत्र बोललं, देव बोलला, कुणीही बोललं, तरी आधी त्याला आपल्याला ठाऊक असलेलं विचारून बघा. तिथे तो खोटा पडला, तर आपलं माणूस त्याच्या भरवशावर सोडू नका. लवू शवागारात आईची वाट बघत होता, आणि आई दारात त्याची.