गौरजा सुखरूप

गौरजा व्हिएतनामला जाणार हे ठरलं आणि घरातल्या माणसांनी जगातल्या झाडून सगळ्या वाईट बातम्या गोळा करायला घेतल्या. धामापूरच्या पुढच्या त्या वाडीत तोवर व्हिएतनामचं नाव फक्त काजूच्या मोसमात निघायचं. तिकडचा काजू येऊन भाव पडला की त्या देशाला चार शिव्या हासडायच्या, एवढीच काय ती ओळख. गौरजा कुडाळजवळच्या एका काजू कारखान्यात मालाची प्रत तपासायची. मालकांनी तिला तिकडच्या कारखान्यात पंधरवडाभर शिकायला पाठवायचं म्हटलं. सत्तावीस वर्षांची मुलगी, कमावती, गावभर तिच्या हुशारीचं कौतुक. पण ते कौतुक कुडाळपर्यंतच पोचणारं होतं.

तिचे बाबा म्हणजे गणपतमास्तर. उभी हयात त्यांनी पोरांना जगाचा नकाशा शिकवला, आणि पोटच्या पोरीने त्या नकाशावर पाऊल टाकायचं म्हटल्यावर त्यांनाच घाम फुटला. त्यांनी ग्रामदेवी सातेरीला नवस बोलला, की लेक सुखरूप घरी आली तर देवळात गाऱ्हाणं घालीन आणि वाडीला जेवण देईन. माई, तिची आई, रोज एक नवीन शंका काढायची. थंय पाणी कसा असतला, माणसां कशी असतली, कोणी काय खावक दिलान तर?

पण सगळ्यांवर ताण केली ती भाईंनी. हरिश्चंद्र हे त्यांचं खरं नाव, पण वाडी त्यांना भाईच म्हणायची. देवळाचे मानकरी, बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त, घराला घर लागून. गौरजा पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा तिचं एक बोट बाबांच्या हातात होतं आणि दुसरं भाईंच्या. त्यांनी नातेवाइकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि त्याला नाव दिलं, ‘गौरजा सुखरूप’. त्यावर पळवून नेलेल्या मुलींचे व्हिडिओ टाकायचे, वर उपदेश करायचे. जायच्या आदल्या दिवशी घरी येऊन तिला समोर बसवून म्हणाले, “चेडवा, परक्याच्या गाडीत बसू नको. कोण हसान बोललो तर समजायचा, त्येच्या मनात काळा आसा. आपलो माणूस तो आपलो.”

गौरजाने मान डोलावली. तिलाही भीती होतीच, नाही असं कोण म्हणेल?

तिथे पोचल्यावर ती सकाळ-संध्याकाळ ग्रुपवर हजेरी लावायची. कारखाना, खोली, जेवण. अनोळखी पुरुष समोरून आला की पिशवी छातीशी धरायची. एक दिवस मात्र संध्याकाळी कारखान्यातून खोलीवर जाताना ती भलत्याच ठिकाणी बसमधून उतरली. दोन्ही बाजूंना रबराची झाडं, पाऊस कोसळतोय, फोन बंद पडलेला. जवळ एकच कॉफीचं दुकान होतं. तिकडे असतात तसं, बाकड्यांऐवजी झोपाळे टांगलेलं. आत एक बनियनवाला माणूस एकटाच होता. गालावर जुन्या जखमेचा व्रण. तो हसला. गौरजाच्या कानात भाई बोलू लागले.

त्याने कॉफी पुढे केली, तिने घेतली नाही. फोन चार्जिंगला लावतो अशी खूण केली, तिने फोन दिला नाही. तिच्या गळ्यातल्या कारखान्याच्या ओळखपत्राकडे बोट दाखवून त्याने स्कूटर दाखवली, तेव्हा ती मागे सरकून भिंतीलाच टेकली. त्या माणसाने तिच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं आणि त्याला काय कळायचं ते कळलं. त्याने कुणाला तरी फोन लावला, चार शब्द बोलला, आणि स्वतःचं दुकान तिच्या ताब्यात देऊन बाहेर रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. भर पावसात. दहा-पंधरा मिनिटांनी त्याची बायको आली, गौरजाशेजारी बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा कुठे तो निथळत आत आला आणि फडक्याने डोकं पुसू लागला. ओळखपत्रावरचा नंबर लावून त्या बाईने कारखान्याची गाडी बोलावली आणि ती येईपर्यंत गौरजाजवळून हलली नाही. गौरजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने हे सगळं ग्रुपवर लिहिलं. भाईंचं उत्तर आलं: “देवीची कृपा. सगळेच असे नसतत. सांभाळून.”

ती परत आली. मुंबईहून रात्रीची बस धरून सकाळी कसालला उतरली. बाबांचे गुडघे धरलेले, म्हणून न्यायला भाई आले होते. ओळखीचा चेहरा दिसला, ‘इलंस गो बाय?’ कानावर पडलं, आणि इतके दिवस ताठ ठेवलेले तिचे खांदे आपोआप सैल पडले. तिने बॅग मागे टाकली आणि पुढच्या सीटवर बसली. तिकडे ती कुठल्याच गाडीत डोळा मिटायला धजली नव्हती. इथे कसालचा बाजार मागे पडायच्या आत तिला झोप लागली.

कट्टा गाव ओलांडल्यावर तिला जाग आली ती मांडीवरच्या हाताने.

“दमलंस मा?” भाई रस्त्याकडे बघत म्हणाले. “थयसर एकटीच रवलंस. काय काय शिकान इलंस ता माका सांग. बापाशीक नाय सांगणंय.”

“भाईकाका, हात काढा.”

ते हसले. “अगो, मी काय परको आसंय?”

हात निघाला नाही. वर सरकला. गौरजाने तो दोन्ही हातांनी ढकलला आणि चालत्या गाडीचं दार उघडलं. भाईंनी करकचून ब्रेक मारला. ती खाली उतरली आणि भाई तिची बॅग घेऊन निघून गेले.

पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाऊन, एसटी पकडून ती घरी पोचली, तर भाई पडवीत बसून बाबांबरोबर चहा पीत होते. बॅग दाराशी व्यवस्थित ठेवलेली. “गाडी लागली पोराक,” ते बाबांना सांगत होते. “वाऱ्यार चलतंय म्हणाला. हट्टी तां. म्हटलं, चल तर चल.” आणि तिच्याकडे वळून साळसूदपणे म्हणाले, “बरा वाटता मा आता?”

मागीलदारी तिने माईला सगळं सांगितलं. माईच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

“चुकान लागलो असात गो हात,” ती म्हणाली.

“माई, चुकान लागलेलो हात, काढा म्हटल्यार निघता.”

माईने इकडेतिकडे पाहिलं. “हळू बोल. बाबांच्या कानार घालू नको. त्येंका सोसूचा नाय.”

गौरजाने बाबांना सांगितलंच. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेपरची नीट घडी घातली, ती पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. तिला त्यांच्याकडून भाईंचं डोकं फोडून नको होतं. पोलिसात चला असंही ती म्हणत नव्हती. बाबांनी फक्त म्हणायला हवं होतं, की असं झालं, माझा तुझ्यावर विश्वास आहे. त्या एका वाक्यासाठी ती उभी होती.

“नवस फेडूचो आसा,” बाबा म्हणाले. “ता एकदा पार पडांदे. मगे बघूया.”

मानकरी भाई, गाऱ्हाण्याला पुढे उभे राहणार भाई, जेवणाचं सामान आणून दिलं तेही भाईंनी. आता ‘मगे’ म्हणजे काय, हे समजायला गौरजाला कुणाची शिकवणी नको होती.

नवसाच्या दिवशी सभामंडप भरला. पुरुष पुढे, बायका मागच्या बाजूला. गाऱ्हाणं, म्हणजे देवीपुढचं सांगणं, घालायचं गुरवाने, प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं पुरुषांनी, आणि सगळा होकार मिळाला की मग नारळ फोडायचा. बायकांनी हात जोडून ऐकायचं. गौरजासाठीचा नवस म्हणून तिला तेवढं पुढे बाबांशेजारी उभं केलेलं. पलीकडे भाई, खांद्यावर नवी शाल.

भिकाजी गुरव म्हातारा, पण आवाज अजून खणखणीत. त्याने नारळ हातात घेतला.

“बा देवी सातेरी माये, गणपतमास्तराचा चेडू परमुलखात गेल्ला, थंय तू तेच्या पाठीशी उभी रवलंस, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मंडप घुमला. सगळ्यांत वरचा आवाज भाईंचा.

“परक्याची वायट नदर तेच्यार पडाक दिलंस नाय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“सुखरूप घराक हाडलंस, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

भिकाजीने रीतीप्रमाणे बाबांकडे पाहिलं. “आनी काय सांगूचा रवला मास्तरांनू?”

“नाय,” बाबा म्हणाले.

“रवला,” गौरजा म्हणाली. आणि कुणी अडवायच्या आत तिने हात जोडले. “बा देवी माये, परमुलखात मी वाट चुकलंय, म्हाराजा.”

बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं त्या देवळाने कधी ऐकलं नव्हतं. पण शेवटचा शब्द कानावर पडला की तोंड उघडायचं, ही सवय पिढ्यांची. “व्हय म्हाराजा!”

“थंय एका परक्या पुरुसान माका आपल्या दुकानात बसयल्यान, आणि माका भिया वाटता म्हणान आपण भायर पावसात उभो रवलो, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

“मगे मी कसालाक उतारलंय, आणि आपल्या माणसाच्या गाडीत बसलंय, म्हाराजा.”

कसालचं नाव निघालं तसा भाईंचा आवाज अडखळला. पण मानकऱ्याने होकार गाळला तर तो लगेच कळून येतो. त्यांनी म्हटलं. सगळ्यांनीच म्हटलं.

“कट्ट्याच्या फुडे त्या आपल्या माणसान माझ्या अंगार हात घातल्यान, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

तोंडं आधी बोलली आणि कान मागाहून पोचले. मंडपात एकेक मान वळू लागली. बायकांच्या बाजूला कुजबुज उठली आणि लगेच दबली. बाबा खालच्या आवाजात म्हणाले, “गौरजा, पुरो झाला.”

भिकाजी मात्र पोथीतल्यासारखा सरळ माणूस. गाऱ्हाणं म्हणजे गाऱ्हाणं, मग ते कुणी का घालेना. “नाव घे बाय,” तो म्हणाला. “देवीक नाव होया.”

“हरिश्चंद्र,” गौरजा म्हणाली. “आमचे भाईकाका, म्हाराजा.”

मघापर्यंत छप्पर उडवणारी तीच माणसं आता जमिनीवरच्या फरश्या बघत होती. कुणी खोकलं, कुणी धोतराचा सोगा सारखा केला. नाव नव्हतं तोवर सगळी वाडी तिच्या बाजूने ओरडत होती. भाईंनी शाल खांद्यावर नीट घेतली आणि हसल्यासारखं केलं. “परदेशात जावन इला मा तां,” ते म्हणाले. दोन-तीन जण त्यांच्याबरोबर हसलेदेखील.

“होकार दिया रे,” भिकाजी म्हणाला. मग बाबांकडे वळला. “मास्तर, नवस तुमचो. तुमी होकार दिया, म्हणजे नारळ फोडतंय.”

गौरजाने बाबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, तशी ती अर्धं पाऊल त्यांच्याकडे सरकली. दोनच शब्द होते. सवयीचे, रोजचे, झोपेतही म्हणता येतील असे.

बाबा बोलले ते शाळेतल्या शुद्ध मराठीत. “गाऱ्हाणं माझं होतं आणि ते मघाशीच पूर्ण झालेलं आहे. नारळ फोडा.”

भिकाजीने क्षणभर नारळाकडे पाहिलं आणि तो फोडला. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. पानं मांडली गेली, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास सुटला, पोरं ओरडू लागली. भाई पहिल्या पंगतीत आपल्या नेहमीच्या जागी बसले. माई वाढत आली आणि त्यांच्या पानापाशी तिचा हात थांबला. बाबांनी तिच्या हातातून डाव घेतला आणि स्वतः भाईंना वाढलं. “पोटभर जेव रे,” असंही म्हणाले.

गौरजा देवळामागे तळीच्या पायरीवर जाऊन बसली. तिला रडू येत नव्हतं, चीड येत होती, आणि सारखा तो पावसात उभा असलेला माणूस आठवत होता. त्याच्यापासून बचाव म्हणून तिने भिंतीला पाठ लावली होती.

थोड्या वेळाने माई आली. हातात द्रोणात खीर. ती तिच्याजवळ ठेवून शेजारी बसली. मागे वळून कुणी नाही ना हे पाहिलं, आणि अगदी हळू, गौरजालाही जेमतेम ऐकू जाईल असं म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

गौरजाने तिच्याकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांत पाणी होतं.

“ह्या आत म्हणूचा होता, माई.”

माईने पदराने डोळे पुसले. आतून कुणीतरी दुसऱ्या पंगतीसाठी हाक मारली, तशी ती उठली आणि वाढायला गेली.