तिसरी कॉईल

मोटरीचं वायंडिंग, म्हणजे तार भरणं, शिकवणाऱ्या बाई दरवर्षी एकदा चुकायच्या, आणि तेही ठरवून. पंपाच्या मोटरीत तांब्याच्या तारेच्या चार कॉईल बसवायच्या असतात, त्यांची टोकं एकमेकींना जोडायची असतात. बाई तिसरीपाशी आल्या की मुद्दाम तिची टोकं उलटी जोडायच्या आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे निघायच्या. मग वर्गातून कुणीतरी ओरडायचं, "बाई, तिसरी उलटी!" ओरडणाऱ्याला मोटर तयार झाल्यावर खटका दाबायचा मान मिळायचा. तंत्रशाळेत बावीस वर्षं हे असंच चालत आलं होतं.

यंदा मात्र प्राचार्यांच्या डोक्यात ऑनलाइन धड्यांनी घर केलं. एका कंपनीचे तयार व्हिडिओ पाहून ते हरखून गेले होते. "बाई, तुम्हाला महिना देतो," ते म्हणाले. "तुमचे धडे साइटवर टाका. तपासणीस साहेबांना पटले तर तुम्हीच शिकवा. नाही पटले तर व्हिडिओ कंपनीचे, आणि तुम्ही स्टोअरमध्ये. सामान द्यायला कुणीतरी हवंच आहे."

निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ती खिडकीतून स्क्रू आणि पक्कडी देण्यात घालवायची बाईंची मुळीच तयारी नव्हती.

घरी जेवणाच्या टेबलावर मोटर आली. वरच्या दिव्याला दोरीने फोन बांधला, आणि तो हलू नये म्हणून बाईंचे यजमान स्टुलावर उभे राहिले. हे गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यात पंख्याची वायरसुद्धा त्यांनी जोडली नव्हती. पण फोन मात्र असा धरायचे, जणू पाळण्यातलं बाळ.

चार धडे बिनबोभाट पार पडले. पाचव्यात मोटर जोडायची होती. तिसऱ्या कॉईलपाशी बाईंच्या हाताने बावीस वर्षांची सवय दाखवली आणि टोकं उलटी जोडली. बाई थांबल्या. नेहमीचं ओरडणं ऐकू आलं नाही, म्हणून वर पाहिलं. स्टुलावरून यजमानांनी अंगठा उंचावला, मग घाईघाईने दाखवलं की बॅटरी संपत आलीय. बाई गडबडल्या. तिसरी सरळ करायचं विसरल्या आणि चौथी जोडून, "झाली मोटर तयार," म्हणून मोकळ्या झाल्या. स्वतःचा आवाज ऐकवत नसल्यामुळे त्या आपले धडे कधी परत पाहत नसत. हाही तसाच साइटवर गेला.

आठवड्याने प्राचार्यांनी बोलावलं, तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"चूक दाखवायला कंपनीच्या माणसाला यावं लागलं, बाई! मोटर जळेल अशी जोडणी शिकवताय? उद्या साहेब येतायत. संध्याकाळच्या आत तो धडा काढून टाका."

वर्गात चूक पकडायला पोरं असतात. फोनमधून कोण ओरडणार, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी धडा काढायला फोन उघडला आणि पहिल्यांदाच व्हिडिओच्या खाली नजर गेली.

"बाई, तिसरी उलटी!"

"सात मिनिटं चाळीस सेकंद. तिसरी बघा."

"बाई, फसवताय ना?"

अठ्ठेचाळीस विद्यार्थ्यांपैकी एकोणचाळीस जणांनी लिहिलं होतं. सगळ्यात वरचा, सगळ्यांच्या आधीचा अभिप्राय शेवटच्या बाकावरच्या मुलीचा होता. ती वर्षभर वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. "तीनदा मागे नेऊन पाहिलं. आधी वाटलं, माझंच चुकतंय."

बाईंचे डोळे भरून आले. वर्गात एक जण ओरडायचा आणि बाकीच्यांचं शोधणं तिथेच संपायचं. इथे एकोणचाळीस जणांनी ती चूक आपली आपण शोधली होती.

"कुठलं बटण दाबायचं काढायला?" यजमानांनी विचारलं.

"कुठलंच नाही," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब वर्गावर आले, तशा बाईच पुढे झाल्या. "साहेब, पाचवा धडा चुकलाय. आधी तोच बघा." प्राचार्यांनी कपाळाला हात लावला.

साहेबांनी धडा पाहिला, खालचं सगळं वाचलं. "एकाने लिहिलं की बाकीचे बघून लिहितात," ते म्हणाले. मग कोट काढला, पोरांसकट सगळ्यांना बाहेर घालवलं आणि एका मोटरीच्या जोडण्या स्वतःच्या हाताने बदलून वर पट्टी गुंडाळली. मग सगळ्यांना परत आत बोलावलं. "शोधा काय बिघडलंय. कोण येतंय?"

मग शेवटच्या बाकावरची मुलगी उठली.

तिने बॅटरी जोडली आणि छोटं होकायंत्र मोटरीच्या आत हळूहळू फिरवलं. पहिल्या कॉईलपाशी सुईचं एक टोक ओढलं गेलं, दुसरीपाशी दुसरं, तिसरीपाशी पुन्हा पहिलं. चौथीपाशी दुसरं यायला हवं होतं, पण तिथेही पहिलंच. तिने ते परत एकदा फिरवून पाहिलं.

"चौथी उलटी!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या वर्कशॉपमधलं लेथ मशीन थांबलं.

साहेबांनी पट्टी सोडली. चौथीच होती. त्यांनी खिशातून पेन काढलं. "प्राचार्य, कंपनीचे व्हिडिओ परत पाठवा. या बाईंचे धडे इतर तंत्रशाळांनाही हवेत."

"माझं पहिल्यापासून तेच म्हणणं होतं," प्राचार्य म्हणाले. पोरं खो खो हसली.

जोडणी सरळ झाली. खटका मुलीने दाबला आणि मोटर झकास फिरू लागली. तिच्या घरघरीत बाईंनी सगळ्यांदेखत डोळे पुसले.

रविवारी सहावा धडा. यजमान स्टुलावर, बाई टेबलापाशी. आता सहा कॉईलची मोटर होती. पाचवीपाशी बाईंनी गपचूप टोकं फिरवली आणि पुढे निघाल्या.

"अगं, थांब! उलटी लावलीस!" वरून आवाज आला. फोन गदागदा हलला. यजमान स्वतःच्याच ओरडण्याने दचकले. "अरेरे, बोललो मी. हे कापून टाकू?"

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "उतरा खाली. खटका तुम्ही दाबायचा."