धरलेले वर्ष

शेल्बीचा पाय मांडीवर घेऊन मार्नीने बुटाची नाडी सैल केली. बूट निघेना. शर्यतीआधीच्या सरावाच्या फेरीत गोल्फ मैदानाच्या उतारावर शेल्बीचा पाय एका बिळात गेला होता आणि घोट्याची सूज मोज्याबाहेर आली होती.

"ओढ ना एकदाचा!" शेल्बी रडत म्हणाली.

मार्नीने ओढला. शेल्बी किंचाळली. मार्नीला काहीच वाटले नाही. बूट हातात घेऊन ती त्याच्या तळाचा चिखल बोटाने खरवडत बसली.

संघाच्या तंबूच्या तोंडाशी कोच डेकर उभे होते. दोघी तापाने कॉलेजातच राहिलेल्या. आता शेल्बीही गेली. उरल्या चौघी. संघाचा क्रमांक पहिल्या पाच जणींवरून ठरतो. चौघींचा संघ कोणी धरत नाही.

मार्नीकडे बघायचे सगळ्यांनीच टाळले.

ऑगस्टच्या अखेरीस तिचा थोरला भाऊ कोल्बी खडीच्या रस्त्यावर पिकअप गाडी उलटून वारला. दफन उरकून ती परतली तेव्हा पहिली शर्यत तोंडावर आली होती. कोच म्हणाले, "या हंगामात शर्यत नको. नुसता सराव कर. तुझं हे वर्ष धरायचंच नाही." कॉलेजच्या धावपटूला चार हंगाम मिळतात आणि ते वापरायला पाच वर्षे. एखादा हंगाम एकही शर्यत न धावता काढला, तर तो शिल्लक राहतो. त्याला रेडशर्ट म्हणतात. लाल शर्ट कोणी घालत नाही. मार्नीने मान हलवली होती. त्या दिवसांत ती कशालाही मान हलवत असे. मग दर शनिवारी ती सुरुवातीच्या रेषेपाशी जाऊन मुलींनी उतरवलेले स्वेटर गोळा करू लागली.

"मी तुला धाव म्हणणार नाही," कोच म्हणाले. "संघाचा बनियन घालून उभी राहिलीस आणि बार झाला, की हंगाम गेला. दहा पावलांत थांबलीस तरी गेला."

"नको घालूस," ओडेट म्हणाली. ती कर्णधार, तिचा हा शेवटचा हंगाम, आणि पाचवे वर्षही हेच. "माझ्यासाठी तर मुळीच नको. असले उपकार मला पचत नाहीत."

"तुझ्यावर कोण करतंय उपकार?" मार्नी म्हणाली. "शेल्बी, बनियन काढ."

"घामाने भिजलाय गं."

"काढ म्हणते ना."

कोच नाव बदलून घ्यायला पंचांकडे धावले.

बार झाला. वारा समोरून होता. मार्नी धावत होती, पण दुसऱ्याच कुणाची तरी शर्यत बघावी तशी. शेवटच्या चढावर दोघी तिला मागे टाकून गेल्या. तिने जाऊ दिले. त्यांच्या पाचांत ती पाचवी आली, आणि नऊ संघांत त्यांचा संघ सहावा. पुढच्या फेरीत जाण्याचा प्रश्नच नव्हता.

"सहावे!" ओडेट तिच्या गळ्यात पडली. ती हसत होती की रडत, कळत नव्हते. "एवढ्यासाठी वर्ष घालवलंस, येडे!"

मार्नीचे हात लोंबतच राहिले. मग एक हात ओडेटच्या पाठीवर गेला.

व्हॅनकडे जाताना कोच तिच्या बरोबरीने चालू लागले.

"ऐक. एकच शर्यत झालीय. भावाचं कारण देऊन विनंती करता येते. मानली, तर हा हंगाम धरणार नाहीत. बोलू का मी?"

"नको."

"घाई करू नकोस, पोरी. शेवटी एक वर्ष जास्तीचं मिळालं तर—"

"होस्टेलची लिफ्ट बंद होती," मार्नी म्हणाली. "माझा फ्रीज कोल्बीने पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढवला. प्रत्येक जिन्यावर मला शिव्या. वर आला आणि म्हणाला, पुढच्या वर्षी तळमजला घे, नाहीतर मी येणार नाही."

ती थांबली. तिचे नाक वाहत होते. तिने ते बनियनला पुसले.

"ते याच वर्षी, कोच. कॉलेज उघडलं तेव्हा."

कोचांनी टोपी काढली आणि परत घातली. पुढे होऊन त्यांनी व्हॅनचे दार उघडले. वाऱ्याने ते मिटू बघत होते. ती आत बसेपर्यंत त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवले.