आतली यादी

धाकटीला एक खोड होती. आपण केलेली वस्तू चारचौघांना दाखवल्याशिवाय तिला अन्न पचत नसे. त्या मंगळवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याने साधंच विचारलं होतं, की मी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालत नाही, काय करू? झालं! बाईसाहेबांनी खुर्ची ओढली आणि ताईसाठी केलेला प्रोग्रॅम उघडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते कळायला अजून पाच मिनिटं होती.

ताई, म्हणजे तिची थोरली बहीण, एका बालवाडीचं स्वयंपाकघर सांभाळायची. रोज ऐंशी डबे. प्रत्येकावर मुलाच्या नावाची छापील चिठ्ठी, आणि ज्याला एखादा पदार्थ चालत नाही त्याच्या नावाखाली तशी ओळ. नावं हजेरीवरून यायची, काय चालत नाही ती यादी वेगळी होती. चिठ्ठ्या छापणारा प्रोग्रॅम धाकटीने चार महिन्यांपूर्वी लिहिला. तिथल्या जुनाट कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नव्हती, म्हणून तिने प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या झाडून सगळ्या लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार तुकडे, एकाच फाईलमध्ये बांधून दिल्या.

"प्रवासाला निघताना स्टोव्ह, चहा, साखर, काडेपेटी सगळं एकाच पिशवीत घ्यावं ना, तसं," ती रंगात आली होती. "जाशील तिथे चहा. कुणापुढे हात पसरायला नको."

"आणि कुणाला काय चालत नाही ती यादी?"

"तीसुद्धा आतच घातली."

"मग नवीन मूल आलं तर?"

"शेजारी फोल्डरमध्ये ठेवलीय ना एक, ती ताई बदलते. गेल्या महिन्यात एक मुलगी आली, तिला शेंगदाणा अजिबात चालत नाही. चुकून खाल्ला तर घसा सुजतो. ताईने स्वतः टाईप केलं. आणि मला फोन करून असं सांगितलं, जणू चंद्रावर जाऊन आली."

चष्मेवाल्याने डोकं खाजवलं. "म्हणजे एक यादी आत, एक बाहेर. प्रोग्रॅम वाचतो कुठली?"

"बाहेरची!" ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "थांब हं."

यादी कुठून वाचायची हे सांगणारी ओळ तिने शोधली. फाईल सुरू झाली की आतलं सामान, आतल्या यादीसकट, एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये सोडते, आणि ओळीत पत्ता त्या फोल्डरचा होता. बांधताना प्रोग्रॅमला यादी सापडेना, तेव्हा तिनेच घाईघाईत बदललेला. नंतर चिठ्ठ्या सुरेख छापून आल्या आणि ती ते साफ विसरली. चार महिने प्रोग्रॅम आतलीच यादी वाचत होता. बाहेरची यादी ताई इमानेइतबारे बदलत होती आणि ती कुणी उघडूनही बघत नव्हतं.

पण खरा धक्का पुढे होता. तिची नजर पेनांच्या डब्याकडे गेली, आणि त्यात सकाळी पर्समधून काढून ठेवलेला लाल मार्कर उभा होता. ताईचा मार्कर.

ताईचा छापील अक्षरावर भरवसा नव्हता. चिठ्ठ्या चिकटल्या की ती नुसती नावं बघत जायची आणि जिथे धोका तिथे झाकणावर लाल ठिपका काढायची. वाढणाऱ्या बायकाही ठिपकाच बघायच्या. काल धाकटी तिथे गेली आणि हे बघून पोट धरून हसली. "अगं ताई, मग मी एवढी मरमर केली कशाला? माझ्यापेक्षा या मार्करवर तुझा जास्त विश्वास!" असं म्हणून तिने मार्कर आपल्या पर्समध्ये टाकला. ताई ओशाळून म्हणाली होती, "बरं बाई, तुझंच खरं. उद्यापासून तुझ्या चिठ्ठ्या बघून वाढू. उद्या ये, शेंगदाण्याचा केक आहे."

घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. साडेअकराला डबे उघडायचे. ताईचा फोन जेवणं होईपर्यंत कपाटात बंद, तो नियमच होता. शाळेचा फोन नुसता वाजत राहिला. धाकटी मार्कर मुठीत धरून जिन्यावरून धावत सुटली. बालवाडी दोन गल्ल्या पलीकडे होती. मी मारलं, मी मारलं, एवढंच डोक्यात चाललं होतं.

जेवणाच्या खोलीत तोंडं चालू होती. सगळीकडे केकचा चुरा.

"ताई! ती नवीन मुलगी! केक!"

स्वयंपाकघरातून बाहेर आलेल्या ताईने बहिणीचा चेहरा बघितला आणि काही न विचारता कोपऱ्यातल्या टेबलाकडे धावली. तिथे एक चार वर्षांची मुलगी हाताची घडी घालून बसली होती. डबा समोर, झाकण बंद. डोळ्यांत पाणी आलेलं. शिक्षिका वाकून समजावत होत्या, "अगं, तुझंच नाव छापलंय बघ. खा की गं राणी, भूक लागली ना?"

"हा माझा नाहीये," मुलगी हटून बसली होती. "माझ्यावर ठिपका असतो."

तिला वाचता कुठे येत होतं? ताईने डबा उचलून झाकण काढलं. आत केक होता. चिठ्ठीवर नाव, आणि नावाखाली कोरं.

ताई खाली बसली. "मी टाकलं होतं गं," ती म्हणाली. "माझ्या हाताने टाकलं होतं."

"तू टाकलंस. माझ्या प्रोग्रॅमने वाचलंच नाही." धाकटीने मूठ उघडून मार्कर पुढे केला.

ताईने तो घेतला नाही. आत जाऊन तिने दुसरा डबा साध्या पावाने भरून आणला आणि धाकटीसमोर ठेवला. "काढ," एवढंच म्हणाली.

धाकटीने मार्कर इतका जोर देऊन टेकवला, की झाकणावर ठिपक्याऐवजी मोठा लाल डागच उमटला.

मुलीने मान वाकडी करून तो नीट तपासला.

"एवढा मोठा नसतो," ती म्हणाली, आणि डबा उघडला.