शाईचं दुसरं नाव

बत्तिशीकाकांचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं आणि त्यांनाही त्याची फारशी गरज पडत नसे. ते कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या तोंडाचे साचे पाठवून द्यायचे आणि काका मागच्या खोलीत बसून प्लास्टर कालवायचे, मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवायचे, मग घोटायच्या मोटरवर कवळी धरून ती अशी गुळगुळीत करायचे की बघणाऱ्याची जीभ आपोआप स्वतःच्या दातांवरून फिरावी. आपली एकही कवळी आजवर परत आली नाही, असं ते सांगत. ते सांगत तेव्हा काकू हमखास खोकत.

मुलगी नोकरीसाठी दूर गेली तेव्हापासून घरात ही दोघं आणि दोन मांजरं. भोपळ्या नावाचा नारिंगी बोका आणि शाई नावाची काळी कुळकुळीत मांजरी. भोपळ्या कुणाचाही होता; जो ताटली ठेवील तो त्याचा मायबाप. शाईचं तसं नव्हतं. ती काकांची होती. कामाच्या टेबलावर, साच्यांच्या रांगेच्या टोकाला तिची जागा ठरलेली. काका दात बसवत असताना ती हाताकडे टक लावून बघायची, आणि एखादा दात तिरपा बसला की तोंड फिरवायची, असं काकांचं ठाम मत होतं. बाकी कुणी उचलायला गेलं तर ती अंग चोरायची. काकूंनाही ती फक्त पाठीवरून दोनदा हात फिरवू द्यायची. तिसऱ्यांदा फिरवला की उठून जायची.

"सात वर्षं मी तिची भांडी धुतेय," काकू म्हणायच्या, "आणि वागते अशी, जणू मी या घरात पाहुणी."

काका खाली बघून कवळी घोटत राहायचे. पण मनातून त्यांना गुदगुल्या व्हायच्या.

पावसाळा संपता संपता शेजारच्या रिकाम्या घरात एक बाई राहायला आल्या. वाचनालयातून निवृत्त झालेल्या ग्रंथपाल. एकट्याच होत्या. सोबत पुस्तकांची खोकी आणि एक म्हातारा पांढरा बोका. त्याचं नाव परिशिष्ट.

"आयुष्याच्या अगदी शेवटी जोडला गेला ना, म्हणून," बाईंनी पहिल्याच दिवशी काकूंना सांगितलं. काकू हसल्या. काकांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

दोन घरांच्या मध्ये छातीइतकी भिंत होती, आणि आजवर त्या भिंतीवर भोपळ्याचं राज्य होतं. परिशिष्ट पहिल्यांदा त्यावर चढला तेव्हा जे रण माजलं ते अर्ध्या गल्लीनं ऐकलं. भोपळ्या फुगून दुप्पट झाला, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी झाली, आणि घशातून असा आवाज काढू लागला की काकू हातातली कढई तशीच घेऊन बाहेर आल्या. म्हातारा जागचा हलला नाही. त्यानं एकदाच पंजा उचलला आणि भोपळ्याच्या नाकावर ठेवून दिला. भोपळ्या आला तसा खाली उतरला आणि दोन दिवस पलंगाखाली राहिला.

"असा कसा रे तू," काका पलंगाखाली वाकून म्हणाले. "एवढं खाऊन काय उपयोग?"

शाई या सगळ्यात कुठेच नव्हती. ती खिडकीत बसून बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत काय चाललंय हे काकांना तेव्हा कळलं असतं तर पुढचं कदाचित टळलं असतं.

तिची वागणूक बदलली ती हळूहळू. आधी ती दुपारची टेबलावर दिसेनाशी झाली. मग ताटलीतलं अर्धं तसंच राहू लागलं. काकांना वाटलं, बरं नसेल. पण तिचं अंग तर भरत चाललं होतं. एक दिवस त्यांनी तिला उचलून छातीशी धरलं आणि त्यांना तिच्या कानामागे वास आला. हातांना लावायच्या कसल्याशा क्रीमचा. काकू तसलं काही लावत नव्हत्या.

"ही कुणाच्या तरी हातात असते," काका म्हणाले.

"असू दे की," काकू म्हणाल्या. "तिचे हात-पाय बांधून ठेवलेत का आपण?"

खात्री पटायला मग वेळ लागला नाही. शाईला प्लास्टरच्या सांडलेल्या भुकटीतून चालत जायची सवय होती. घरभर तिच्या पांढऱ्या पावलांची नक्षी उमटलेली असे. एका दुपारी काका भिंतीपाशी गेले आणि त्यांना शेजारच्या खिडकीच्या हिरव्या कठड्यावर तीच नक्षी दिसली. जाणारी पावलं होती. येणारी नव्हती.

काका टाचा उंचावून उभे राहिले. आत खुर्चीत बाई वाचत बसल्या होत्या. पायांशी लोकरीचं जाड, निळं-करडं पांघरूण अंथरलेलं, आणि त्यावर पांढरा म्हातारा पसरलेला. त्याच्या पोटाशी शाई झोपली होती. नुसती झोपली नव्हती, उताणी झोपली होती, चारही पाय हवेत. सात वर्षांत काकांसमोर ती एकदाही अशी झोपली नव्हती. बाईंनी पान उलटलं आणि न बघता हात खाली सोडून तिचं पोट खाजवलं.

"तळटीप," त्या म्हणाल्या, "उठा आता. चहाची वेळ झाली."

आणि शाईनं ओ दिली.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्यांनी एका कवळीचा पुढचा दात तीनदा बसवला आणि तीनदा काढला.

"तळटीप म्हणतात तिला," ते काकूंना म्हणाले.

"पायांशी बसते म्हणून असेल," काकू म्हणाल्या. "छान आहे की."

"तिला नाव आहे."

"त्यांना कुठं ठाऊक? जाऊन सांगा."

काका गेले नाहीत. जाऊन काय सांगणार? माझ्या मांजरीचे लाड करू नका? गल्लीभर हसं झालं असतं. त्यांनी घरातल्या घरात उपाय करून पाहिले. माशाचे तुकडे आणले, ते भोपळ्यानं खाल्ले. टेबलावर मऊ टॉवेल घातला, त्यावरही भोपळ्याच येऊन बसला. शाई यायची, काकांकडे एक नजर टाकायची, त्यांच्या मनगटावर डोकं घासायची आणि खिडकीतून निघून जायची. ते डोकं घासणंही आता त्यांना निरोप घेतल्यासारखं वाटू लागलं. दिवसभर कान भिंतीकडे. तिकडून हसण्याचा आवाज आला की मोटर बंद.

एका सकाळी बाई फाटकाशी भेटल्या. "तुमची काळी मांजर फार गुणी आहे हो," त्या म्हणाल्या. "आमच्या म्हाताऱ्याला हल्ली कशातच रस नव्हता. ती आल्यापासून निदान जरा हलतो तरी."

त्यांनी हे इतक्या मोकळेपणानं म्हटलं की काकांच्या तोंडून भलतंच बाहेर आलं.

"जपून राहा हं, बाई. तिला नायटा झालाय. फार पसरतो तो. मांजरांना होतो, माणसांनाही. मी तर तिला कोंडूनच ठेवणार आहे."

बाईंचा चेहरा उतरला. "अरे देवा. कधीपासून?"

"झाले की पंधरा दिवस," काका म्हणाले, आणि वळून घरात आले. त्यांचे कान तापले होते, पण छाती मात्र हलकी झाली होती, आणि ते त्यांना आवडलं.

त्या दिवसापासून शाई मागच्या खोलीत बंद. काकूंना सांगितलं, बाहेर कुत्रं सुटलंय. पहिले दोन दिवस ती दाराशी ओरडली. मग ओरडायची थांबली आणि टेबलाच्या टोकाला, आपल्या जुन्या जागी येऊन बसली. काकांना हवं होतं ते हेच. पण ती आता हाताकडे बघत नव्हती. भिंतीकडे तोंड करून बसायची. काका बोलत राहायचे, "बघ, ही दाढ कशी बसली," आणि तिचा कानसुद्धा फिरत नसे.

आठव्या दिवशी दुपारी बाई घरी आल्या. हातात औषधाची छोटी बाटली. काकूंनी त्यांना आत बसवलं. काका मोटर बंद करून दारात उभे राहिले.

"तुमचे आभार मानायला आले," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत म्हणून मी त्याच दिवशी परिशिष्टला डॉक्टरांकडे नेलं. नायटा काही निघाला नाही. पण त्यांनी तोंड उघडून पाहिलं तर आतली एक दाढ पार सडलेली. म्हणून खात नव्हता बिचारा. मला वाटत होतं वय झालं. काढली ती, आता दोन्ही वेळ जेवतो." मग त्यांनी बाटली पुढे केली. "हे नायट्यावरचं औषध. डॉक्टरांकडून तुमच्या मांजरीसाठी मागून घेतलं."

काकूंनी बाटलीकडे पाहिलं, मग काकांकडे. "नायटा?" त्या म्हणाल्या.

"बरा होत आलाय," काका पुटपुटले.

"एवढंच वाईट वाटलं," बाई उठता उठता म्हणाल्या, "घाबरून मी तिच्या झोपण्याचं सगळं त्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीत दिलं. त्यात माझ्या ताईनं विणलेलं पांघरूण गेलं. आजारपणात विणलं होतं तिनं. शेवटचं. पण असो, जीव महत्त्वाचा."

त्या गेल्यावर काकूंनी शाईला उजेडात नेलं आणि केस बाजूला करत सगळं अंग तपासलं. मग तिला खाली ठेवलं.

"एक डाग नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "जन्मात तुम्ही कुणाचं वाकडं केलं नाहीत. आणि केलंत ते मांजरीपायी."

"मला ते बघवत नव्हतं," काका म्हणाले.

"मला सात वर्षं बघवलं की."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका फाटकाशी थांबून राहिले. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी लांबण लावली नाही.

"बाई, नायटा नव्हता."

"हो, डॉक्टर म्हणालेच, लागण झाली नाही."

"तिलाच नव्हता. मी खोटं बोललो. ती तुमच्याकडे येऊन झोपायची ते मला सहन होत नव्हतं."

बाईंचा हात फाटकाच्या कडीवर थांबला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "पांघरूण..." काका म्हणाले, "तसंच दुसरं कुठं..."

"नाही मिळत," बाई म्हणाल्या. "ताईचं आणखी काहीच नव्हतं माझ्याकडे." त्यांनी फाटकाची कडी लावली. "मांजरीला येऊ द्या. तिचा काय दोष? वहिनींनीही यावं. तुम्ही मात्र येऊ नका."

काकांनी घरी येऊन मागच्या खोलीचं दार उघडलं. शाई उठली, आळस दिला आणि त्यांच्या पायांना वळसा घालून निघून गेली.

त्याला आता बरेच महिने झाले. बाई काकांना दिसल्या तर मान हलवतात, थांबत नाहीत. भिंतीवर परिशिष्ट एका टोकाला आणि भोपळ्या दुसऱ्या टोकाला बसतात, मधे चार हात अंतर ठेवून. शाई सकाळी थोडा वेळ टेबलावर येते. कधी हाताकडे बघते, कधी नाही. काका तिला हाक मारत नाहीत. आली की सरकून जागा करतात. आठवड्यातून एकदा काकू शेजारी पुस्तक बदलायला जातात आणि चांगल्या तासभर बसतात. तेवढा वेळ काका दात मांडतात आणि पुन्हा मोडतात.

परवा काकू परत आल्या तेव्हा काकांनी मोटर बंदच ठेवली होती.

"दोघं खिडकीत होती," न विचारताच काकूंनी सांगितलं. "ती त्याचा कान चाटत होती. बराच वेळ."

"कुठला?"

"डावा."

काकांनी मेणाची पट्टी फिरवून पाहिली. "आणि जेवली का ती तिकडे?"

"जेवली."

"काय होतं?"

"अहो, मी कसं विचारणार?"

"पुढच्या वेळी विचार," काका म्हणाले, आणि त्यांनी मोटर सुरू केली.